मी फक्त किती कापतात ते सांगितलं

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये माझ्याबरोबर दोन तरुण बायका होत्या. एक आमच्या नव्या टॉवरमध्ये भाड्याने राहायला आलेली, दुसरी एका जुन्या सभासदाची सून. नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं. समोरच्या पॅसेजमध्ये सत्तरी ओलांडलेल्या एक बाई कढीपत्त्याच्या कुंडीत पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, हसल्या. दार बंद झाल्यावर सून हळूच म्हणाली, "त्याच त्या. रिफंडवाल्या काकू."

"म्हणजे?"

"घराचा विमा काढला आणि लगेच रद्द केला, पैसे परत मिळतात म्हणून. नंतर घरालाच आग लागली. जुन्या बिल्डिंगमधली गोष्ट आहे, सगळ्यांना माहितीये. हो ना काका?"

माझा मजला आला होता. "तसं नाही ते," एवढं मी म्हणालो आणि बाहेर पडलो. मागे वळून पुढचं बोलायला तोंड उघडलं तेव्हा दार मिटत होतं.

ही गोष्ट जशी घडली तशी मी एकदा चारचौघांत सांगितली आहे. ते पुढे येईलच. पण सांगितलेलं विरून जातं आणि गंमत टिकते, असा माझा अनुभव आहे. म्हणून लिहून ठेवतो. माझं वय झालं आहे आणि हे माझ्याशिवाय दुसरं कोणी लिहिणार नाही.

आमची जुनी इमारत नेरुळला, सारसोळे गावाच्या बाजूला. तळमजला धरून चार मजले, एका जिन्यावर चार बिऱ्हाडं. बहुतेक सगळे नोकरदार. मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालो आणि त्याच्या आधीपासून सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कागदपत्रांचं काही निघालं की लोक माझ्याकडे येत. वारसाची नोंद, वीजबिलावरचं नाव, पासपोर्टचा पत्ता. मला ते आवडायचं. कोणी दारात कागद घेऊन उभं राहिलं की मी चष्मा शोधायला लागायचो आणि माझी बायको म्हणायची, "बसा, साहेबांचं ऑफिस उघडलं."

त्या बाई तळमजल्यावर राहायच्या. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांचे यजमान आणि मी एकाच वर्षी त्या इमारतीत राहायला आलो होतो. ते लवकर गेले. वहिनी महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. मुलगा एकच, इंजिनीअर होऊन पुण्याला गेला. निवृत्तीनंतर वहिनी एकट्या राहत, स्वतःचं पेन्शन स्वतः बँकेत जाऊन बघत, आणि बिल्डिंगमध्ये कोणाला इंजेक्शन द्यायचं असलं तर जिने चढून जात. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असे, आमची त्यांच्याकडे.

एकदा त्या कागद घेऊन आल्या. मुलाने पुण्याहून त्यांच्या घराचा विमा काढला होता. फोनवर ओटीपी विचारून घेतला, पैसे वहिनींच्या खात्यातून गेले आणि पॉलिसी मेलवर आली. ती त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती. दहा वर्षांची पॉलिसी, हप्ता एकदम भरलेला.

"भाऊजी, हे काय आहे ते मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "म्हणजे घ्यायला नको होतं असं नाही. पोराने काळजीने काढलंय. पण एकदम एवढे गेले खात्यातून."

मी वाचलं. वाचलं म्हणजे पहिली दोन पानं वाचली आणि बाकीची चाळली. पॉलिसी हातात आल्यावर काही दिवस असे मिळतात की पटली नाही तर ती परत करता येते. त्याला फ्री लूक म्हणतात. नाव फ्री असलं तरी थोडं कापतातच. जितके दिवस विमा चालू राहिला तितक्या दिवसांचे पैसे आणि स्टॅम्प ड्युटी. हे मला माहीत होतं.

"परत केली तर किती कापतात?" त्यांनी विचारलं.

"किरकोळ. तुमच्या एका महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढेसुद्धा नाहीत."

"मग ठेवू की परत करू?"

इथपर्यंत मी जे बोललो ते बरोबर होतं. पुढचं बरोबर नव्हतं, आणि इतकी वर्षं मी तेच गाळून सांगत आलो.

त्या दिवसांत आमच्याकडे रिडेव्हलपमेंटचं वारं होतं. बिल्डरचं पत्र आलं होतं, टॉवरचं चित्र जिन्याखाली फळ्यावर लावलं होतं आणि मी घरोघर फिरून संमतीच्या सह्या गोळा करत होतो. निम्मे लोक तयार, निम्मे साशंक. कोणी घराला रंग काढला, कोणी बाथरूमच्या टाइल्स बदलल्या तरी मला राग यायचा. मी तोंडावर म्हणायचो, "पाडायच्या घराला टाइल्स कशाला?" आणि इथे वहिनींच्या हातात दहा वर्षांचा विमा. म्हणजे ही इमारत अजून दहा वर्षं उभी राहणार असं कोणीतरी छापून दिल्यासारखं मला वाटलं.

"अहो, बिल्डिंगच राहणार नाही," मी म्हणालो. "वर्षा-दीड वर्षात सगळे भाड्याच्या घरात जाणार. विमा कसला उतरवताय?"

"तोपर्यंत तरी..."

"तोपर्यंत सोसायटीचा आहे की."

"आहे ना?"

"आहे."

सोसायटीचा विमा नव्हता. काही महिन्यांपूर्वीच कमिटीत खजिनदार म्हणाले होते की पाडायच्या इमारतीचा विमा कशाला भरायचा, तेवढेच पैसे वाचतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरावावर पहिली सही माझी होती. आणि तो असता तरी इमारतीच्या भिंतींचा असता, कोणाच्या कपाटाचा किंवा फ्रिजचा नसता, हेही मला ठाऊक होतं. पुष्कळ दिवस मी मनाला सांगत राहिलो की त्या क्षणी मला ठराव आठवला नाही. तो आठवला होता. मधल्या वर्षभरात काही होत नाही, असं मी धरून चाललो होतो.

वहिनींनी कागद सारखे केले. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर करा." मी माझ्याच कॉम्प्युटरवर कंपनीची साइट उघडली. रद्द करण्याचं कारण विचारलं होतं, तिथे मी "गरज नाही" निवडलं. त्यांच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यांनी एकेक आकडा वाचून सांगितला. बायकोने चहा आणला. आठ-दहा दिवसांत पैसे परत आले तेव्हा वहिनींनी आमच्याकडे खरवस पाठवला.

पुढे पाचेक महिन्यांनी आग लागली. दुपारची वेळ होती. वहिनी नावड्याला भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघताना समोरच्या दुकानदाराने बघितला आणि तो ओरडत आला. किल्ली माझ्याकडे होती, पण मी दार उघडेपर्यंत आत काही दिसत नव्हतं. अग्निशमनवाले म्हणाले, फ्रिजच्या मागच्या वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट झालं. स्वयंपाकघर गेलं, मधल्या खोलीचा माळा गेला. माळ्यावर त्यांचे आणि यजमानांचे चांगले कपडे ट्रंकेत होते. लाकडी कपाट निम्मं जळलं, उरलेलं पाण्याने फुगलं. कोणाला इजा झाली नाही, हे खरं, आणि सगळे तेच बोलत होते.

संध्याकाळी वहिनी रिक्षातून उतरल्या. अंगावर साखरपुड्याचं लुगडं, हातात ओटीचा नारळ. दारात उभ्या राहून त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, "वरच्यांना काही झालं नाही ना?" मग तो नारळ कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. माझ्या बायकोने तो त्यांच्या हातातून घेतला.

मुलगा रात्री पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आमच्याकडे आले. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"काका, विमा होता ना? मी काढून दिला होता. आई म्हणते रद्द केला."

"हो," मी म्हणालो.

"आई म्हणते तुम्हाला विचारून केला."

माझी बायको त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन आतून आली. तिच्या मागे आमचा जावई, चार दिवसांसाठी आलेला. मला आजही तो ट्रे दिसतो. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो:

"हे बघ, त्यांनी मला विचारलं की परत केली तर किती कापतात. मी फक्त किती कापतात ते सांगितलं. निर्णय त्यांचा होता."

वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता त्या बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी ट्रेमध्ये ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, "चल. भिंती बघायला माणूस येणारे."

तेवढ्यावर गोष्ट ठरून गेली. दुधाच्या बिलाएवढेसुद्धा कापत नाहीत म्हणून वहिनींनी विमा परत केला आणि घर उघडं टाकलं, असं सगळे म्हणू लागले. बिल्डिंगमध्ये चेष्टा सुरू झाली. वाईट मनाची नव्हती, पण रोजची होती. भाजीवाला आला की तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वरून विचारायचे, "काकू, भेंडी परत केली तर किती कापतो हा?" वहिनीही हसायच्या. "तुमची जीभ कापेल," म्हणायच्या. सर्वसाधारण सभेत बिल्डरच्या करारावर चर्चा चालली होती तेव्हा खजिनदार म्हणाले, "सही करायच्या आधी सगळ्यांनी विचारून घ्या, रद्द केलं तर किती कापणार. आपल्याकडे त्यातले तज्ज्ञ आहेत." सभा हसली. मी टेबलाच्या मागे बसलो होतो. मीही हसलो.

चेष्टा वहिनींनी झेलली असती. झेलता आली नाही ती मुलाची काळजी. तो वाईट मुलगा नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. त्याने कर्ज काढून घर दुरुस्त केलं. पण त्याच्या मनात एक पक्कं बसलं, की आईला आता व्यवहार कळत नाही. आधी त्याने त्यांच्या बँकेचं ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं. मग गॅस बंद आहे का, हे रोज रात्री फोन करून विचारायला लागला. आयुष्यभर वॉर्डात औषधांचे डोस मोजून देणाऱ्या बाईला तो विचारायचा, "बीपीची गोळी घेतलीस? नक्की? रिकामं पाकीट दाखव." शेवटी एका सुट्टीत गाडी घेऊन आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. इमारत तशीही पुढे पाडायचीच होती.

जाताना वहिनी किल्ली परत द्यायला वर आल्या. "तुमची ही," म्हणाल्या. "माझी ठेवा हवी तर. घर नाही राहणार, पण किल्ली राहू दे." मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पुण्याची हवा चांगली आहे."

इमारत पडली, आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. वहिनी अधूनमधून माझ्या बायकोला फोन करायच्या. बायको फोन ठेवून म्हणायची, "बाल्कनीतून हायवे दिसतो म्हणे. दिवसभर तोच बघतात. सून चांगली आहे, पण स्वयंपाकघरात येऊ देत नाही. आग लावतील म्हणून." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नसे, आणि मला वाटायचं की तिला कळलं आहे. तिने कधी विचारलं नाही. नवा टॉवर बघायच्या आधीच ती गेली.

टॉवर तयार झाला आणि किल्ल्या वाटायचा दिवस आला. पार्किंगमध्ये मांडव, सत्यनारायण, कागदी प्लेटमध्ये सामोसा आणि वेफर्स. वहिनी मुलाबरोबर आल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. बिल्डरच्या माणसाने नाव पुकारलं, त्यांनी सही केली. किल्ली मुलाने घेतली आणि खिशात टाकली.

थोड्या वेळाने तो माझ्या नि खजिनदारांच्या शेजारी येऊन बसला. "काका, चांगला भाडेकरू असला तर सांगा. फॅमिलीवाला."

"वहिनी नाही राहणार?" मी विचारलं.

"तिला हौस आहे. रोज तेच. पण एकटीला कसं ठेवू? तुम्हाला तर माहितीये तिने काय केलं होतं. तुम्हीच समजवा ना तिला, तुमचं ऐकते ती."

वहिनी दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. प्रसादाचा द्रोण हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. तशाच, जशा त्या सकाळी बघत होत्या. एवढाच फरक, की या वेळी मला लाजवायला कोणी ट्रे घेऊन उभं नव्हतं.

"वहिनींनी काही केलं नाही," मी म्हणालो. "त्यांनी विचारलं, ठेवू की परत करू. मी परत करा म्हणालो. सोसायटीचा विमा आहे असंही सांगितलं. तो नव्हता. आम्ही बंद केला होता. हे बसलेत इथे, यांना विचार. रद्द करायचं बटणही मीच दाबलं. त्या ठेवायला तयार होत्या."

खजिनदार म्हणाले, "काका, आज कुठे हा विषय काढताय."

मुलगा वेफर मोडत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि मला वाटलं आईचं डोकं..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग आईकडे वळला. "तू का नाही बोललीस?"

"बोलले होते," वहिनी म्हणाल्या. "विचारून केलं, असं म्हणाले होते. तुला खरं वाटलं नाही. मग काय त्यांच्या बायकोसमोर, जावयासमोर माणसाला खोटं पाडू? चहा पीत होतो आपण त्यांच्या घरी."

तो उठून गाडीपाशी गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. त्या दिवशी ते दोघं पुण्याला परत गेले. किल्ली त्याच्याच खिशात होती. मला वाटलं, उपयोग झाला नाही.

दोन महिन्यांनी वहिनी आल्या. मुलगा सोडायला आला होता. कपाट, गॅस, फ्रिज, सगळं लावून दिलं. माझ्याशी तो बोलला नाही, अजून बोलत नाही, आणि ते मला मान्य आहे. जाताना त्याने आईच्या फोनमध्ये बँकेचं ॲप परत टाकून दिलं, एवढं वहिनींनी मला सांगितलं.

परवा त्या बाराव्या मजल्यावर आल्या. हातात कागद.

"घराचा विमा काढला," म्हणाल्या. "माझा मी. सगळी पानं वाचली, बारीक अक्षरातलीसुद्धा. सांगा बघू भाऊजी, परत केली तर किती कापतात?"

मी चष्मा शोधायला लागलो. "पान बघून सांगतो," मी म्हणालो.

"नको. मला पाठ आहे." आणि खुर्चीत बसून हसल्या.

मी त्यांना लिफ्टमधली गोष्ट सांगितली आणि हे लिहायला घेतलंय तेही सांगितलं. काय लिहिलं ते वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मधे एकदा म्हणाल्या, "खरवस नव्हता तो, शिरा होता." मी म्हणालो, मला खरवसच आठवतो. "मग राहू दे," म्हणाल्या.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. "चांगलं लिहिलंय. पण सगळं स्वतःवर घेऊ नका. तुम्ही मला फसवलंत असं वाचणाऱ्याला वाटलं, तर मी परत बिनडोक ती बिनडोकच. आधी पैशासाठी, आता तुमच्यामुळे."

"मग काय लिहू?"

"ओटीपी मी सांगितला. एकेक आकडा. माझ्या तोंडाने." त्यांनी कागदाची घडी घातली. "लिहा, की बाईने विचारून केलं. जाणत्या माणसाला विचारावं तसं विचारलं. माणूस चुकीचा निघाला."

त्या गेल्यावर मी तसंच लिहिलं.